मोठ्यानं सांगा

"बाई, हे बंद करा," असं म्हणून लोखंडे नानांनी माझ्या मोबाइलवर हात ठेवला, तेव्हा माझं वाक्य अर्ध्यावर होतं. 'अर्जदाराची पत्नी गेले आठ महिने नांदावयास' एवढं पडद्यावर उमटलं होतं आणि पुढचे शब्द माझ्या तोंडात होते. समोरच्या स्टुलावर बसलेला माणूस खाली मान घालून चपलेचा अंगठा चाचपत होता. चहाच्या गाड्यावरचे पाचसहा जण आमच्याकडे तोंड करून उभे होते, आणि त्यातल्या एकाने तर कप ओठाशी नेऊन तसाच धरला होता. माझ्या अर्जदाराची बायको का नांदत नाही हे त्याला ऐकायचं होतं.

तो माणूस उठला आणि नानांच्या टेबलापुढे जाऊन बसला. मी त्याला हाक मारली नाही. चूक माझीच होती आणि ती मला दिसत होती, त्यामुळे राग जास्तच आला.

आमच्या तालुक्याच्या कचेरीच्या आवारात, कंपाउंडच्या भिंतीला लागून करंजाची तीन झाडं आहेत. त्यांच्या सावलीत तेव्हा अकरा टेबलं होती आणि अकरा टाइपरायटर. अर्ज, प्रतिज्ञापत्रं, हरकती, दाखल्यांच्या मागण्या, जे काही आत खिडकीवर द्यायचं ते आमच्याकडून टंकून जायचं. लोक आम्हाला 'ओळ' म्हणत. ओळीतली जागा काही कुणाच्या नावावर नव्हती. ओळीने तुम्हाला आपलं म्हटलं की जागा तुमची, नाही म्हटलं की तुम्ही रस्त्यावर. माझी जागा आमच्या ह्यांची होती. ते गेल्यावर नानांनीच मला मशीनपुढे बसवलं, बोटं कुठं ठेवायची ते शिकवलं आणि ओळीतल्या बाकीच्यांना सांगितलं की गुरवबाई आता इथं बसतील. त्यांचे हे उपकार मी कधी नाकारले नाहीत, आजही नाकारत नाही.

ओळीची रीत अशी होती की गिऱ्हाईक पुढे वाकून आमच्या कानात सांगणार, आम्ही मान हलवणार आणि बोटं चालवणार. अकरा मशीनचा खडखडाट चालू असला की शेजारच्यालाही काही ऐकू जायचं नाही. ऐकलेलं बाहेर सांगायचं नाही, आणि ओळीतल्या माणसाने कधी कुणाच्या साक्षीला जायचं नाही, हे दोन नियम नाना पहिल्या दिवशीच शिकवायचे. कागदाच्या डाव्या कोपऱ्यात, अगदी खाली, ज्याने टंकलं त्याची दोन अक्षरं असायची, चूक निघाली तर कुणाची ते कळावं म्हणून. माझी होती व. गु., वत्सला गुरव.

सतरा वर्षं ही अक्षरं माझ्या बोटांनी उमटली. मग बोटांनीच दगा दिला. संधिवाताने उजव्या हाताची दोन बोटं तळव्याकडे वळली आणि डाव्याची सुजून राहिली. एक अर्ज टंकायला मला दोन तास लागू लागले. माझी मुलगी पुण्याहून आली, माझा हात बघून रडली आणि जाताना मोबाइलवर एक सोय करून देऊन गेली. आपण बोलायचं आणि त्याने लिहायचं. लिहून झालं की फाटकापाशी बशीरभाईंचं झेरॉक्सचं दुकान होतं, तिथून कागद छापून मिळायचा.

पहिल्या दिवशी मी मोबाइल तोंडासमोर धरून 'मा. तहसीलदार साहेब यांचे सेवेशी' म्हटलं आणि सगळी ओळ टंकायची थांबली. तीन आठवडे मग माझी थट्टा चालली होती. गुरवबाईंच्या अंगात येतं, म्हणे. कुणी लांबून ओरडून विचारायचं, बाई, देव कौल देतोय का, आमच्या म्हशीचं पण विचारा. आडनावाने गुरव असल्यामुळे थट्टा करणाऱ्यांना आयतंच सापडलं होतं. मजा अशी की त्याच करंजाखाली माणसं मोबाइलवर तासतास भांडायची, सोयरिकी मोडायची, एकमेकांच्या सात पिढ्या उद्धरायची, त्याचं कुणाला काही नव्हतं. पलीकडे माणूस असला की कितीही ओरडा. पलीकडे कुणी नाही म्हटलं की बाईचं डोकं फिरलं.

थट्टा मी सोसली. पण त्या दिवशी नांदण्याचा अर्ज चव्हाट्यावर आला आणि नानांच्या हातात मुद्दा सापडला.

त्यांनी शांतपणे सांगितलं. आवाज चढवणं त्यांना ठाऊकच नव्हतं. म्हणाले, "तुमच्या हाताचं मला वाईट वाटतं, बाई. पण लोक इथं सांगायला येतात, ऐकवायला नाही."

कचेरीच्या मागे सायकली ठेवायची शेड होती, तिथं टेबल टाका आणि हवं तेवढं बोला, असं त्यांनी सुचवलं. ओळीशी ते बोलले होते, सगळ्यांचं एकमत होतं. उद्यापासून एक तर मोबाइल नाही, नाहीतर मी ओळीत नाही. संध्याकाळी टेबलं झाकायच्या आधी मी काय ते सांगावं.

सायकल शेड म्हणजे मुतारीच्या पलीकडे. तिथं गिऱ्हाईक आलंच तर वाट चुकून येणार. मोबाइल सोडला तर हात चालत नव्हते, मोबाइल धरला तर जागा जात होती, आणि माझी चूल त्या जागेवर पेटत होती. मुलगी म्हणायची, पुण्याला चल. जावयाच्या घरात कोपरा धरून बसायला मी काही इतकी म्हातारी झाले नव्हते. चोपन्न वर्षांची होते आणि मला ती जागा हवी होती.

साडेतीनच्या सुमाराला तानूबाई आली.

ती ओळीच्या वरच्या टोकापासून एकेका टेबलाशी थांबत येत होती. नऊवारी लुगडं, हातात नायलॉनची पिशवी, वय सत्तरीला टेकलेलं. तिला कमी ऐकू यायचं, म्हणून सगळ्या जगालाच कमी ऐकू येतं असं धरून ती बोलायची. पहिल्या टेबलापाशी ती काय बोलली ते मला दहाव्या टेबलावर लख्ख ऐकू आलं. तिच्या कानात कुजबुजून काही उपयोग नव्हता, तिच्याशी ओरडूनच बोलावं लागणार होतं, आणि ओळीत ओरडणार कोण? जो तो हाताने खूण करून तिला पुढे ढकलत होता. नानांनी तर कागदावर लिहून दाखवलं. तिने तो कागद उलटासुलटा बघितला आणि परत दिला. तिला वाचता येत नव्हतं.

माझ्यापुढे ती बसली ती धापा टाकत. मी पाणी दिलं. तांब्या खाली ठेवून तिने सांगायला सुरुवात केली. भादुलं हे तिचं माहेर. बाप नव्वदी ओलांडून गेला. मागं दोन भाऊ आणि ती. भावांनी वारस म्हणून फक्त आपली दोघांची नावं दिली होती. तलाठ्याने चावडीवर नोटीस लावली होती, हरकत असल्यास पंधरा दिवसांत घ्यावी. चावडीवर काय चिकटवलंय ते तिला कोण सांगणार? परवा पुतण्याच्या बायकोने दया येऊन सांगितलं, आणि कागदाची एक झेरॉक्सही गुपचूप आणून दिली. पंधरावा दिवस आजचा होता. आवकची खिडकी पावणेसहाला बंद व्हायची.

"जमीन मला न्हाई मिळाली तरी चालंल," ती म्हणाली. "आई गेली तवा सर्जा दीड वर्साचा हुता. काखंत घिऊन भांगलाय जायाची मी. आन आता कागदात मी न्हाईच म्हंत्यात."

चहाच्या गाड्यावर भादुल्याचीच दोन माणसं उभी होती. त्यांनी एकमेकांकडे बघितलं. तिथं जे काही बोललं जाईल ते दिवे लागायच्या आत गावात पोचणार होतं.

तिने पिशवीतून झेरॉक्स काढून माझ्यापुढे ठेवली. ते वारसाचं प्रतिज्ञापत्र होतं. सर्जेराव आणि त्याचा थोरला भाऊ यांच्या सह्या, आणि वर ते वाक्य: आम्हां उभयतांखेरीज मयतास अन्य कोणीही वारस नाहीत. मी ते वाचलं, मग माझी नजर आपोआप डाव्या कोपऱ्यात गेली, सवयीने. आणि मी कागद पालथा घातला.

मी तिला म्हटलं, मावशी, चला, आपण मागच्या शेडमध्ये जाऊ, तिथं निवांत बोलू. तिला ऐकू गेलं नाही. मी तिच्या कानाशी तोंड नेऊन पुन्हा सांगितलं, मोठ्याने.

तिने माझ्याकडे असं बघितलं की अजून आठवतं.

"मागं कशाला?" ती म्हणाली. "चोरी केलीया का मी? हितंच लिव्ह."

मशीनचा खडखडाट थांबलेला मला जाणवला. नाना दोन टेबलं पलीकडे होते, चष्म्यावरून बघत होते. मी उठून मोबाइल उचलला. मी बोलायला सुरुवात केली. मा. तहसीलदार साहेब यांचे सेवेशी. विषय, वारस नोंदीस हरकत. अर्जदार ही मयताची मुलगी असून. एक वाक्य झालं की तानूबाई विचारायची, काय लिव्हलं? मग तेच मी तिला कळेल अशा भाषेत ओरडून सांगायची, आणि ती ओरडून हो म्हणायची. काखंतलं पोर पण लिव्ह, म्हणाली. मी तेही लिहिलं. अर्जाच्या भाषेत ते बसत नव्हतं, तरी लिहिलं. चहावाल्याने स्टोव्ह बारीक केला. भादुल्याच्या दोघांपैकी एक खिशातून मोबाइल काढून तोंडावर हात धरून कुणाला तरी काही सांगू लागला. कोण काय म्हणेल याची भीती मला वाटत होती, आणि ती वाटत असतानाच माझा आवाज वाढत चालला होता.

अर्ज पुरा झाला. खरं तर तिथं थांबता आलं असतं. तो कागद पालथाच होता.

मी तो उलटा केला आणि तानूबाईला कोपरा दाखवला. "मावशी, हे कोपऱ्यात दिसतंय ना, ते माझं नाव. हा कागद मी टंकलाय."

तिला कळलं नाही. मी पुन्हा सांगितलं. या वेळी सबंध आवाराला ऐकू गेलं.

फाल्गुनात, बोटं थोडीफार चालत होती तेव्हाची गोष्ट. सर्जेराव माझ्यापुढे वाकून बसला होता आणि कानात सांगत होता. अन्य कोणीही वारस नाहीत, या वाक्याशी मी थांबले होते आणि हळूच विचारलं होतं, बहीण वगैरे? तो तितक्याच हळू म्हणाला होता, आहे एक, पण दिली ना तिला, पन्नास वर्षं झाली. आणि मी मान हलवली. सगळे असंच सांगतात आणि सगळी ओळ असंच टंकते. बहिणीला 'दिली' की ती कागदातून गेली. सतरा वर्षांत अशा किती बहिणी माझ्या बोटांखालून नाहीशा झाल्या ते मी मोजलं नव्हतं. तशी एक बहीण कधी समोर येऊन बसेल असं वाटलं नव्हतं एवढंच.

तानूबाई त्या दोन अक्षरांवर बोट ठेवून बसली होती. मला वाटलं, आता ही शिव्या देईल. दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. पण ती म्हणाली, "मंग आता तूच सांग त्यास्नी."

मी मोबाइल पुन्हा तोंडासमोर धरला. माझं पूर्ण नाव सांगितलं, वय सांगितलं, धंदा सांगितला. सदरचे प्रतिज्ञापत्र मी टंकलेले आहे. मजकूर सांगणाऱ्यास बहीण आहे काय असे मी विचारले असता त्याने आहे असे सांगितले. तरीही मी अन्य वारस नाहीत असे टंकले. याबाबत बोलावल्यास मी समक्ष हजर राहून सांगेन. प्रत्येक शब्द मी सावकाश आणि स्पष्ट म्हटला. मोबाइलला त्याची गरज नव्हती, माझ्या पाठीमागे बसलेल्या दहा जणांना होती.

नाना उठून आले. मला वाटलं, सकाळसारखा पुन्हा हात ठेवतील. मी मोबाइल छातीशी धरला. पण त्यांनी हात मागेच बांधलेले होते. त्यांचा चेहरा उतरला होता, आणि तेव्हा मला त्यांची दयाही आली, कारण त्यांनी आयुष्यभर सांभाळलेली गोष्ट मी त्यांच्यादेखत मोडत होते.

"बाई," ते म्हणाले, "आता तुमच्या कानात कोण सांगेल?"

"कुणी नको सांगायला," मी म्हटलं. "ज्याला मोठ्यानं सांगता येतं त्यानं यावं माझ्याकडे."

पाच वाजून गेले होते. मी आणि तानूबाई बशीरभाईंच्या दुकानात गेलो. त्यांनी रांगेतल्या दोघांना थांबवून आमची दोन पानं आधी काढली आणि ती वाचली नाहीत असं दाखवलं. तानूबाईने अंगठा उठवला. दुसऱ्या पानावर मी सही केली. पेन मुठीत धरून केलेली ती सही कोंबडीने उकरल्यासारखी आली, पण माझीच होती. पाच वाजून पस्तीस मिनिटांनी खिडकीतल्या कारकुनाने दोन्ही पानांवर शिक्का मारला.

परत आले तेव्हा टेबलं झाकून ओळ घरी गेली होती. मी काय ते सांगायला कुणी थांबलं नव्हतं. सांगायचं राहिलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या जागेवर टेबल नव्हतं, मशीन नव्हतं, स्टूल नव्हतं. सगळं नीट उचलून सायकल शेडमध्ये नेऊन ठेवलं होतं, मशीनवर रेक्झिनचं झाकणसुद्धा घातलं होतं. ते टेबल ओढून परत आणायची ताकद माझ्या हातात नव्हती आणि मदतीला कुणी उठणार नव्हतं. मी जरा वेळ शेडच्या दाराशी उभी राहिले. रडू आलं होतं, ते आवरलं नाही, येऊ दिलं. मग माझ्या ध्यानात आलं की टेबल लागत होतं ते मशीनला. मला कशाला?

मी करंजाखाली आले आणि माझ्या जागेवर उभी राहिले. नुसती, हातात मोबाइल घेऊन. ओळीने मान वर केली नाही. दुपारी बारापर्यंत कुणीही आलं नाही आणि पाय भरून आले, तरी मी हलले नाही. बारानंतर एक बाई आली, डोक्यावर पदर, सोबत कुणी नाही. काल इथं मोठ्यानं लिहीत होत्या त्या तुम्हीच का, असं तिने विचारलं. मी म्हटलं, मीच, पण सगळ्यांना ऐकू जाईल. ती म्हणाली, जाऊ दे.

ज्यांना कानात सांगायचं होतं ते नानांकडे जात राहिले, आणि ते बरोबरच होतं. सगळंच काही चव्हाट्यावर सांगायचं नसतं. ज्यांना सांगायचं होतं ते माझ्याकडे यायला लागले आणि त्यात बायका जास्त होत्या. आठवड्याने बशीरभाईंनी दुकानातली एक खुर्ची आणून दिली. ती कुणी हलवली नाही.

तानूबाईचं प्रकरण सव्वा वर्ष चाललं. मला दोनदा जबाबाला बोलावलं, दोन्ही वेळा गेले. सर्जेराव व्हरांड्यात माझ्याकडे बघून थुंकला. मी पदर सावरून पुढे गेले.

याला आता आठ वर्षं झाली. अजून कुणी विचारतं की चारचौघांत यंत्राशी बोलताना लाज नाही का वाटत, तेव्हा मला तानूबाई नवा सातबारा घेऊन आली तो दिवस आठवतो. दुपारची वेळ होती, ओळ भरलेली होती, नाना त्यांच्या टेबलाशी होते. तिने उतारा माझ्या हातात दिला आणि म्हणाली, वाच. मी वाचला. तीन नावं होती, तिचं पहिलं.

"ऐकू न्हाई आलं," ती म्हणाली. "मोठ्यानं वाच."

मी मोठ्याने वाचला. चहाच्या गाड्यावरची माणसं वळली. तिने कानाला हात लावला आणि मान हलवली, न्हाई, परत. तिसऱ्यांदा मी उभी राहून वाचला, तेव्हा ओळीतली मशीनं एकेक करून थांबली. नाना चष्मा काढून आमच्याकडे बघत होते.

तिला पहिल्याच वेळी ऐकू गेलं होतं. तिचा चेहरा बघून मला ते कळलं होतं.

"न्हाई आलं," ती म्हणाली.

मी चौथ्यांदा वाचलं.